जमीन विकून कागदी कॉलेज घेऊं नका

मुळशी तालुक्यांतील शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो,

दहावीचा निकाल लागला कीं आपल्या गांवांतून एक नव्या तऱ्हेचा भिक्षुक फिरूं लागतो. त्याच्या काखेंत पंचांग नसतें, रंगीत माहितीपत्रक असतें. कपाळीं गंध नसतें, गळ्यांत ओळखपत्र असतें. पण त्याचें बोलणें नीट ऐका. आपल्या आजापणजाला तें ओळखीचें वाटलें असतें. जोशी सांगे, ग्रह वांकडे आहेत, शांत केली नाहीं तर पोराचें बरें होणार नाहीं. हा सांगतो, काळ वांकडा आहे, आजच्या आज आमच्याकडे नांव घातलें नाहीं तर पोरीचें डॉक्टर होणें राहिलें. जोशाची शांत सव्वा रुपया आणि शिध्यावर आटोपत असे. याची शांत लाखांत जाते आणि दोन वर्षें चालते.

जोतीरावांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ पुरा केला. कुणब्याच्या घरीं जन्मापासून मरणापर्यंत कोणकोणत्या निमित्तानें दक्षिणा उकळली जाते त्याचा पाढा त्यांत वाचलेला आहे. त्या पाढ्यांत आज एका दिवसाची भर घालावी लागेल. मूल अकरावींत जातें त्या दिवसाची. आणि कोणी गैरसमज करून घेऊं नये म्हणून येथेंच सांगून टाकतों कीं, या नव्या दुकानांच्या गल्ल्यावर आज सर्व जातींचे लोक बसलेले आहेत. आपलेहि आहेत. कांहीं तर आपल्याच गांवचे पुढारी आहेत, आणि निवडणुकीच्या वेळीं जोतीरावांच्या तसबिरीला हार घालावयास तेच पुढें असतात.

डॉक्टर होण्याची वाट कशी आहे तें आधीं समजून घ्या, कारण माहितीपत्रकवाला ती मुद्दाम धुक्यांत ठेवतो. अमेरिकेंत मूल अठराव्या वर्षीं कॉलेजांत जातें, चार वर्षांची पदवी घेतें आणि मग वैद्यकीय कॉलेजाच्या दारांत उभें राहतें. चुकलें तर सावरावयास वेळ असतो. आपल्याकडे अकरावी-बारावीचें विज्ञान हीच ती पायरी. मूल पंधरा-सोळा वर्षांचें, आणि कोणत्या कॉलेजांत जावें याचा विचार निकालानंतरच्या घाईगर्दींत होतो. तोहि शेजाऱ्याच्या सांगण्यावरून. पुढें पदार्थविज्ञान, रसायन व जीवशास्त्र घेऊन बारावी, त्या तिहींत मिळून खुल्या वर्गास निदान ५० व राखीव वर्गास ४० टक्के, आणि मग साऱ्या देशाची एकच परीक्षा. तिचें नांव नीट. ती २०१३ सालीं पहिल्यानें झाली, कोर्टकचेरींत अडकली आणि २०१६ पासून कायमची मानगुटीस बसली. तीन तासांत १८० प्रश्न, गुण ७२०. उत्तर बरोबर आलें तर चार मिळतात, चुकलें तर हातचा एक जातो. २०२५ सालीं २२ लाखांवर मुलें या परीक्षेस बसलीं. एमबीबीएसच्या जागा साऱ्या देशांत सव्वा लाखाच्या आसपास. म्हणजे अठरांत एक. हें गणित ज्या बापाला ठाऊक आहे, त्याच्यापुढें कोणी ‘सीट पक्की समजा’ म्हणूं लागला तर तो पायांतली वहाण हातांत घेईल.

आतां एक गोष्ट सांगतों. कोळवण खोऱ्यांतल्या एका घराची ती आहे आणि आम्हांस जवळून माहीत आहे. नांव सांगत नाहीं. त्या घरानें पुष्कळ सोसलें आहे, वर चावडीवरची चर्चा नको. कुणब्याचें घर, भाताचीं तीन खाचरें, दारांत दोन म्हशी. मुलगी गांवच्या मराठी शाळेंत शिकली आणि हायस्कुलांत पहिली आली. तिनें डॉक्टर व्हावें हा तिच्या आजीचा ध्यास. आजीचा थोरला मुलगा पावसाळ्यांत साप चावून गेला होता; ओढ्याला पाणी होतें, पौड गांठेपर्यंत उशीर झाला. तर मुलीचा बाप, ज्याला सारें गांव तात्या म्हणतें, पोरीला घेऊन पुण्यास एका थंडगार कचेरींत गेला. तेथें टाय लावलेल्या पोरानें त्याला खुर्ची दिली, पाणी दिलें आणि ‘काका’ म्हटलें.

‘काका, कॉलेजची काळजीच सोडा. तें आम्ही बघतों. तिनें कॉलेजांत जायचेंच नाहीं.’

‘मग बारावी व्हायची कशी?’

‘कागदावर कॉलेज असतं काका. हजेरी लागते. प्रॅक्टिकलपुरतं जायचं. बाकी सगळा वेळ अभ्यास.’

‘आणि शिकवणार कोण?’

‘आमचे सर. कोट्याहून आणलेत.’

कोट्याहून आणलेत म्हटल्यावर तात्यानें मान डोलविली. खिलारी बैल कोठून आणला हें विचारणारा हा माणूस, पण बैलाचे दांत पाहतो तसे सरांचे दांत पाहावे हें त्याला सुचलें नाहीं. त्यानें रस्त्याकडचा जमिनीचा तुकडा काढला आणि दोन वर्षांची फी एकदम भरली. एकदम भरली तर सवलत होती!

तीन महिन्यांनीं परीक्षा झाली आणि मुलांची चाळणी झाली. वरच्या तुकडीला कोट्याचे सर मिळाले. तात्याची पोर मराठी शाळेंतली. फळ्यावरचा इंग्रजी शब्द म्हणजे आपला ‘वेग’ हें तिला उमजेपर्यंत फळा पुसला जाई. ती खालच्या तुकडींत गेली. खालच्या तुकडीला नुकताच पदवी घेऊन आलेला एक पोरगा शिकवी. दिवाळीनंतर तोहि दुसरीकडे गेला. फी मात्र वरच्या तुकडीची आणि खालच्या तुकडीची एकच. निकालानंतर चौकाचौकांत ज्यांचे फोटो लागतात तीं मुलें वरच्या तुकडींतलीं, आणि त्या फलकांचा खर्च खालची तुकडी भरते. हा सगळा धंदा एवढ्या एका वाक्यांत आहे.

ज्या कॉलेजांत तिची हजेरी लागत होती तें तिनें दोन वर्षांत चार वेळां पाहिलें. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला नाहीं. प्रयोगवही दुसरीची पाहून उतरली. नीटला ७२० पैकीं ३१० गुण आले. बरें, एवढ्यावर संपलें असतें तरी ठीक. प्रवेशाचा अर्ज भरतांना कळलें कीं जातवैधता प्रमाणपत्र काढलेलेंच नाहीं. कुणब्याचा दाखला घरीं ट्रंकेंत होता. पण नुसता दाखला पुरत नाहीं, पडताळणी समितीचें वैधता प्रमाणपत्र लागतें, आणि अकरावी-बारावी विज्ञानाच्या मुलांनीं तो अर्ज आपल्या कॉलेजाच्या पत्रासह करावयाचा असतो. हें सांगणारा कारकून तिला कधीं भेटलाच नव्हता. क्लासवाला म्हणाला, हें आमचें काम नव्हे. कॉलेजवाला म्हणाला, आम्ही तुम्हांला ओळखत नाहीं. दोन वर्षांत तेवढें एकच वाक्य तिला खरें ऐकावयास मिळालें.

या धंद्याला इंटिग्रेटेड असें भारदस्त नांव आहे. कॉलेज पटावरची जागा देतें, क्लास गिऱ्हाईक देतो, फी वांटून घेतली जाते. सरकारला हें ठाऊक नाहीं असें नाहीं. २०१८ सालीं राज्याच्या शिक्षणखात्यानें मोठ्या विभागांतील विज्ञानाच्या कनिष्ठ महाविद्यालयांस बोटाच्या ठशाची हजेरी लावली ती याचसाठीं. २०२४ च्या जानेवारींत केंद्र सरकारनें सूचनावली काढली कीं सोळा वर्षांखालील मूल क्लासांत घेऊं नये, गुणांची वा प्रवेशाची हमी देऊं नये, मूल मध्येंच सोडून गेलें तर उरलेल्या मुदतीची फी परत करावी. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत दिल्लीच्या केंद्रीय बोर्डानें, पटावर मुलें आणि वर्ग रिकामे अशा २१ शाळांची मान्यता काढली. त्या दिल्ली आणि राजस्थानच्या होत्या. आमच्याकडे सूचनावली फायलींत आहे आणि फलक चौकांत आहे. तात्यानें उरलेल्या मुदतीची फी मागावी हें त्याला कोणी सांगितलें नाहीं, म्हणून आम्ही येथें सांगत आहों. मागा. लेखी मागा, आणि पोंच घ्या.

कागद एकाच्या हातीं आणि राबणें दुसऱ्याच्या हातीं, ही गत मुळशीला नवी नाहीं. १९२१ सालीं टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध या खोऱ्यांतला मावळा उठला. सेनापति बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांचीं नांवें आपण ऐकलेलीं आहेत. लढा १९२४ पर्यंत चालला आणि धरण व्हावयाचें तें झालें. पण त्या लढ्याच्या पोटांतली एक गोष्ट सभांतून फारशी सांगितली जात नाहीं. जमीन कसणारा मावळा होता, आणि पुष्कळशा जमिनींच्या कागदावर नांव होतें पुण्याच्या सावकाराचें. म्हणून पाण्याखालीं गेलें तें कुळाचें शेत, आणि भरपाई गेली ती कागदवाल्याच्या घरीं. त्या वेळीं आपल्या आज्यांना दोष देतां येत नाहीं. अंगठा कशावर उमटतो आहे हें त्यांना वाचतां येत नव्हतें.

आज सातबारा आपल्या नांवावर आहे आणि आपल्याला वाचतां येतें. हिंजवडी-माणच्या माळावर कचेऱ्या उभ्या राहिल्या, भूगांव-पिरंगुटला इमारती झाल्या, गुंठ्याला भाव आला. तो भाव आपण आपल्याच हातानें, चहा पिऊन, हंसत हंसत दुसऱ्या कागदवाल्याला नेऊन देत आहों. याची लाज वाटली पाहिजे.

लवळ्याच्या टेकडीवर २०२० सालीं मुलींचें वैद्यकीय कॉलेज निघालें, तेंहि आपल्याच तालुक्यांत. त्याचे दिवे खालच्या गांवांतून दिसतात, म्हणून अनेकांचा समज असा कीं आपल्या पोरींना तेथें कांहीं अग्रहक्क असेल. तसें नाहीं. तें खासगी अभिमत विद्यापीठाचें कॉलेज आहे. अभिमत विद्यापीठांच्या जागा दिल्लीच्या समितीकडून साऱ्या देशाच्या मुलांना वांटल्या जातात. राज्याचा कोटा तेथें नसतो. तसेंच फीमाफीचें. ८ जुलै २०२४ च्या सरकारी निर्णयानें, वर्षाला आठ लाखांच्या आंत उत्पन्न असलेल्या इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी माफ झाली. चांगली गोष्ट झाली. परंतु ती माफी सरकारच्या प्रवेशफेरींतून मिळालेल्या जागेला आहे. अभिमत विद्यापीठाला नाहीं, व्यवस्थापनाच्या कोट्याला नाहीं. ‘पोरींना सगळें फुकट आहे’ असें सांगून सही घेणारा माणूस तुमच्या ओट्यावर येईल, तेव्हां त्याला हेंच विचारा.

आमच्यावर कोणी असा आक्षेप घेईल कीं, तुम्ही क्लासचे वैरी. क्लास न लावतां आज कोणी डॉक्टर झाला आहे काय? आम्ही क्लासचे वैरी नाहीं. १८० मिनिटांत १८० प्रश्न सोडविण्याला सराव लागतो, सराव करून घेणारा लागतो, आणि प्रामाणिकपणें शिकविणारे लोक त्या धंद्यांतहि आहेत. कॉलेज करून संध्याकाळीं क्लास लावला तर आमचें भांडण नाहीं. आमचें भांडण कॉलेज मारून क्लास करण्याशीं आहे. कारण कॉलेज मेलें म्हणजे नुसती हजेरी जात नाहीं. कॉलेजांत कारकून असतो, ग्रंथालय असतें, प्रयोगशाळा असते, जें समजलें नाहीं तें दुसऱ्यांदा विचारावयास एक मास्तर असतो. बारावीच्या बोर्डांत पदार्थविज्ञान, रसायन, जीवशास्त्र या प्रत्येक विषयाचे १०० पैकीं ३० गुण प्रयोगाचे आहेत. आणि मूल नीटमध्यें पडलें, जसें अठरांतलीं सतरा पडतात, तर त्याच्या हातांत राहते ती बारावीच. ती तरी खरी असावी कीं नाहीं? दहा विषयांत मार खाल्लेला माणूस बी.एस्सी. करील, शेतकीची पदवी घेईल, औषधांचें शास्त्र शिकेल. कागदी बारावीवर यांतलें कांहींच धड होत नाहीं.

दुसरे एक शहाणे असतात, ते म्हणतात कीं परीक्षा सर्वांना सारखी आहे, खेड्यांतलीं मुलें मागें पडतात तर दोष त्यांचा. पेठेंतल्या मुलाला दारांत क्लास आणि घरांत इंग्रजी, ताम्हिणीच्या मुलाला पहाटेची एस.टी. आणि घरांत चूल. दोघांना एकच प्रश्नपत्रिका दिली म्हणजे यांचा न्याय झाला! तामिळनाडूंत यांवर नुसती हळहळ झाली नाहीं. तेथील सरकारनें २०२० सालीं, सरकारी शाळांत शिकून नीट उत्तीर्ण झालेल्या मुलांसाठीं वैद्यकीय जागांपैकीं साडेसात टक्के जागा राखल्या. २०२१ सालीं न्यायमूर्ति राजन समितीनें हिशेब मांडून दाखविलें कीं नीट आल्यापासून खेड्यांतलीं, गरिबांचीं आणि मातृभाषेंत शिकलेलीं मुलें मागें हटलीं. महाराष्ट्रांत अशी समिती कोणी मागत नाहीं. आमच्या आमदारांना जिल्हा परिषदेच्या शाळेंत शिकलेल्या मुलांसाठीं साडेसात टक्के मागण्यास काय होतें? विधानसभेंत एक दिवस जोडा आपटला तर आम्ही त्या जोड्याचेंहि कौतुक करूं.

पण समिती येईतों आपलीं पोरें थांबणार नाहींत. तेव्हां घरच्यांनीं काय करावें तें सांगतों.

बारावी महाराष्ट्रांतच करा. राज्यांतल्या सरकारी कॉलेजांच्या शंभरांतल्या ८५ जागा राज्याच्या मुलांच्या, आणि त्यांवर हक्क सांगण्यास येथला अधिवास तर लागतोच, शिवाय दहावी व बारावी या दोन्ही महाराष्ट्रांतून झालेल्या लागतात. थोडे अपवाद आहेत, ते तुमच्यासाठीं नाहींत. कोट्यास नेऊन तेथल्याच शाळेंतून बारावी करविली तर पुण्याच्या बी. जे. मेडिकलच्या त्या जागा, ज्या १९४६ पासून आपल्या करांतून चालल्या आहेत, त्या तुमच्या मुलाला बंद.

विषय नीट पाहून घ्या. बायफोकल म्हणून दोनशें गुणांचा एक धंदेशिक्षणाचा विषय असतो, इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर. तो घेतला म्हणजे एक भाषा आणि जीवशास्त्र किंवा गणित यांपैकीं एक सुटतें. नांव ऐकून भुललेल्या मुलाचें जीवशास्त्र सुटलें तर डॉक्टरकीची वाट तेथेंच अडते. मुलाला झेपत असेल तर गणितहि ठेवा. डॉक्टर नाहीं झालें तर दुसरें दार उघडें राहतें, आणि पदार्थविज्ञान गणितावांचून पांगळें आहे. आमचीं मुलें नीटमध्यें पडतात तीं बहुधा पदार्थविज्ञानांत. जीवशास्त्राचे ३६० गुण आहेत, म्हणजे निम्मे. तें एनसीईआरटीच्या अकरावी-बारावीच्या पुस्तकांभोंवतीं फिरतें, तीं पुस्तकें स्वस्त आहेत, संकेतस्थळावर तर फुकट आहेत, आणि चिकाटीनें वाचणाऱ्या पोरीला तीं घरीं बसून जमतात. पदार्थविज्ञान तसें जमत नाहीं. म्हणून कॉलेज निवडतांना पहिला प्रश्न हा कीं येथें पदार्थविज्ञान कोण शिकवितो, किती वर्षें शिकवितो, आणि मुलें त्याच्याविषयीं काय बोलतात.

दुसरा प्रश्न, तुकडी अनुदानित कीं विनाअनुदानित. एकाच कॉलेजांत दोन्ही तुकड्या असतात आणि खिडकीवरचा माणूस आपणहून सांगत नाहीं. अनुदानित तुकडीच्या मास्तरांचा पगार सरकार देतें, म्हणून तिची फी हजारांत राहते, लाखांत जात नाहीं. अकरावीचा प्रवेश २०२५ पासून साऱ्या राज्यांत एकाच ऑनलाइन फेरीनें होऊं लागला. दहापर्यंत कॉलेजें पसंतीनें लिहितां येतात. तेथें दलालाचें काम नाहीं. जो ‘आंतून करून देतों’ म्हणतो तो जें तुम्हांला आपोआप मिळणार होतें तेंच तुम्हांला विकतो.

तिसरें, कॉलेज स्वतः जाऊन पाहा. चालू दिवसांत, सकाळीं अकराच्या सुमारास, न सांगतां जा. वर्गांत मुलें आहेत का? प्रयोगशाळेच्या दाराला कुलूप असेल तर तें गंजलेलें आहे का? आपण गाय घेतांना तिची कास चाचपून पाहतों, आणि दोन वर्षांसाठीं मूल ज्याच्या हवालीं करावयाचें त्याची कचेरी तेवढी पाहून परत येतों.

जातीच्या दाखल्याचें काम अकरावींतच काढा. बारावीच्या निकालाची वाट पाहूं नका. कुणबी, माळी, धनगर, सुतार, लोहार, कुंभार, महार, मांग, रामोशी, सर्वांनीं. आणि कातकरी वाड्यांवरच्या मुलांच्या बाबतींत गांवानेंच पुढें व्हावें, कारण त्यांच्या घरीं जुना कागद सांपडणें सर्वांत कठीण, आणि समिती कागदच मागते. इतर मागास, भटक्या-विमुक्त व विशेष मागास वर्गांतील मुलांसाठीं महाज्योति ही सरकारी संस्था नीटचें प्रशिक्षण फुकट देते, टॅबहि देते. अर्ज दहावीनंतर लगेच करावा लागतो. केंद्र सरकारनें २०२३ सालीं कानपूरच्या आयआयटीकडून ‘साथी’ नांवाची फुकट शिकवणी इंटरनेटवर चालू केली आहे. परीक्षा मराठींतूनहि देतां येते, आणि मराठी प्रश्नपत्रिकेंत प्रश्न इंग्रजींतहि छापलेला असतो. माहितीपत्रकांत हें सांपडणार नाहीं, कारण यांतून त्यांना दमडी मिळत नाहीं.

कोणी विचारील, एवढा आटापिटा डॉक्टरकीसाठींच कां? पोरांनीं दुसरें कांहीं करूं नये काय? करावें, खुशाल करावें. पण डॉक्टर आपल्यांतला असावा याला एक जुनें कारण आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई यांनीं दत्तक घेतलेला मुलगा यशवंत डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगांत लोक रोग्याला हात लावीत नव्हते, तेव्हां हडपसरजवळच्या त्याच्या दवाखान्यांत सावित्रीबाई रोगी पोंचवीत राहिल्या, आणि १० मार्च १८९७ रोजीं त्याच रोगानें गेल्या. ज्याला आपली भाषा, आपला उंबरा आणि आपल्या बायकांचा संकोच कळतो असा वैद्य काय करूं शकतो हें त्या घरानें दाखवून दिलें. आमच्या डोंगरांत आजहि पावसाळ्यांत पौडच्या ग्रामीण रुग्णालयापर्यंत आणि तेथून ससूनपर्यंतचा रस्ता रोग्याला फार लांब पडतो.

आणि वसतिगृहाचें काय? शाहू महाराजांनीं १९०१ पासून कोल्हापुरांत जातीजातींचीं वसतिगृहें उभीं केलीं. कुणब्याच्या पोराला बुद्धि कमी नाहीं, शहरांत पाठ टेकावयास जागा नाहीं, हें त्यांना कळलें होतें. पौडला किंवा पिरंगुटला विज्ञानाची अनुदानित तुकडी, चालती प्रयोगशाळा आणि मुलींचें वसतिगृह यांसाठीं तालुक्यांतल्या सर्व ग्रामपंचायतींनीं ठराव करावे. यात्रेच्या तमाशावर आणि वाढदिवसाच्या फलकांवर गांवोगांव जो पैसा उधळला जातो त्यांत असलें एक वसतिगृह सहज चालेल. हिशेब कोणाला पाहिजे असेल तर त्यानें आपल्याच गांवची वर्गणीची वही उघडावी.

तात्याची पोर यंदा पुन्हां परीक्षेस बसणार आहे, घरूनच. वैधता प्रमाणपत्राचा अर्ज तिनें स्वतः फेऱ्या घालून केला. तिचा धाकटा भाऊ दहावीला आहे. मार्गशीर्षांत भाताची मळणी आटोपल्यावर तात्या एका मंगळवारीं सकाळच्या गाडीनें निघाला आणि त्यानें दोन कॉलेजें पाहिलीं. पहिल्यांत बागेंत कारंजें होतें आणि भिंतीवर फोटो होते. प्रयोगशाळेला कुलूप होतें, चावी शिपायाकडे आणि शिपाई रजेवर. दुसऱ्यांत गिलावा पडलेला, बांक मोडके. तात्या दारांतून डोकावला तर एक बाई आठ-दहा मुलांना भोंवतीं घेऊन ब्युरेटींतला थेंब दाखवीत होत्या. ‘काय पाहिजे?’ म्हणून त्यांनीं विचारलें.

‘कांहीं नाहीं बाई,’ तात्या म्हणाला, ‘चालूं द्या तुमचं. मी नुसता बघतोय.’